जपानी येलीची साधी भावंडं

नागपूरला जाऊन मी संत्री आणली नाहीत, याबद्दल घरात अजून बोलणी खाते आहे. भाऊ म्हणतो, गडहिंग्लजहून नागपूर म्हणजे महाराष्ट्राच्या या टोकाहून त्या टोकाला, आणि एवढं जाऊन हात हलवत आलीस. हात हलवत आले हे खरं. पण जाताना मी तशी गेले नव्हते. माझ्या पिशवीत तपकिरीच्या रिकाम्या डबीत मूठभर काळं बी होतं आणि त्या डबीसाठीच मी निघाले होते. लोक देवाला जातात, लग्नाकार्याला जातात. मी पन्नाशी उलटल्यावर आयुष्यातला सगळ्यांत लांबचा प्रवास एका वेलीच्या बियांसाठी केला. त्याचं हसू येत असेल तर खुशाल हसा, पण आधी ऐका.

सुमनताई मेश्राम आणि मी पुण्याला शिक्षकांच्या एका शिबिरात एका खोलीत होतो. ती गणित शिकवायची, मी चित्रकला. मी तिचं घोरणं सहन केलं आणि तिने माझा तापटपणा, त्यातून जी मैत्री झाली ती टपालाने टिकली. तिचे यजमान मनोहरराव रेल्वेत होते. बोलणं कमी, हात सदा मातीत. त्यांच्या वस्तीतल्या विहारात जपानहून आलेले एक वृद्ध भंतेजी दोन पावसाळे वर्षावासाला राहिले होते. जाताना त्यांनी मनोहररावांच्या हातावर बियांची पुडी ठेवली. जपानी लोक या वेलीला 'सकाळचा चेहरा' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, आणि तिची सरळसाधी फुलं सोडून वेडीवाकडी फुलं पिढ्यान्‌पिढ्या शोधत बसतात. मनोहररावांच्या वेलीचं फूल तर फूल वाटायचंच नाही म्हणे. पाकळ्या चिरून नळ्या झालेल्या, टोकं मागे वळलेली, रंग जांभळट निळा. सकाळी उमलायचं आणि ऊन चढलं की मिटायचं. नागपुरातल्या त्यांच्या वस्तीत, इंदोऱ्यात, त्याला सगळे 'जपानी येल' म्हणत.

मी ते फूल पाहिलं होतं ते फक्त फोटोत, तेही काळ्या-पांढऱ्या. मनोहरराव मला बी पाठवत, मी ते परसातल्या कुंपणाशी टाकी आणि दर वर्षी मला साधी निळी फुलं मिळत. मी तसं कळवलं की सुमनताईच्या पत्राखाली त्यांची एक ओळ येई, धीर धरा. पुढे बी पाठवायची गरजच उरली नाही, वेल आपली आपण उगवू लागली. गेल्या वर्षीच्या आषाढात मनोहरराव गेले. त्यानंतर वर्षभराने सुमनताईने लिहिलं की आमच्याकडचं बी संपलं, तुझ्याकडे असेल ते घेऊन ये. मी कळवलं, माझ्याकडे साधंच आहे. तिने उलट टपाली लिहिलं, साधंच पाहिजे.

इंदोरा

सत्त्याहत्तर सालची दिवाळीची सुट्टी लागली आणि मी निघाले. गाड्या बदलण्याची कहाणी सांगत नाही, ती सगळ्यांची सारखीच असते. नागपूर स्टेशनाबाहेर सायकलरिक्षावाल्याशी मी मराठीत घासाघीस केली, त्याने ती मराठीत मान्य केली आणि मग इंदोऱ्यापर्यंत हिंदीत गप्पा मारल्या. या गावात दोन्ही भाषा एकाच चुलीवर शिजतात. रस्ते मात्र रुंद, झाडंही मोठी, आणि आमच्याकडच्या दाटीवाटीची सवय असलेल्या माणसाला उगीचच मोकळं वाटतं.

सुमनताई दारातच उभी होती. केस सगळे पांढरे झाले होते, पण पाठ अजून फळ्यापुढे उभं असल्यासारखी ताठ. तिने मला मिठी मारली नाही, पाणी विचारलं नाही. माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आणलं का वं?" मी डबी काढून दिली. तिने झाकण उघडलं, एक बी बोटांत धरून उजेडाकडे नेलं आणि डबी बुद्धाच्या मूर्तीपाशी ठेवली. मग चहा टाकला.

मी फराळाचा डबा नेला होता. नेताना मनातही आलं नव्हतं, पण तिथे तो उघडताना संकोच वाटला. त्यांच्या घरात बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर दिवाळी नाही. आमच्याकडे त्या संध्याकाळी दारात पणत्या लागल्या असतील, वहिनी रांगोळी काढत असेल. या गल्लीत मोजक्या दारांपुढे उजेड होता आणि बाकी घरं रोजच्यासारखी जेवून झोपायच्या तयारीत होती. मी काहीतरी सारवासारव करू लागले तर सुमनताईने चिवड्याचा बकाणा भरला आणि म्हणाली की दिवाळी आम्ही सोडली, चिवड्याशी आमचं भांडण नाही. माझा जीव भांड्यात पडला. तिने चार शेजारणींनाही वाटून टाकला, आणि त्या रात्री आम्ही ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी खाऊन लवकर झोपलो.

मागचं अंगण

सकाळी ती मला मागे घेऊन गेली. न्हाणीच्या बाहेर एक भिंत आहे, सांडपाणी तिच्या कडेने वाहतं. भिंतीला चुना दिलेला, जमीन झाडून लख्ख केलेली. एक गवताची काडी नाही. मी म्हटलं, किती स्वच्छ ठेवलं आहेस. ती खाली बसली, आणि पुण्याच्या शिबिरात किंवा कुठल्याही पत्रात जे बोलली नव्हती ते बोलली.

मनोहरराव रोज पहाटे पुढच्या अंगणात कुंड्यांपाशी बसत. तेव्हा हिची स्टोव्हपाशी धावपळ चालू असे, डबे, शाळेची वेळ. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला एवढंच दिसे की ते कुंड्यांतली साधी रोपं उपटत आहेत आणि चुरगळलेल्या पानांची तेवढी ठेवत आहेत. उपटलेली साधी रोपं कुठे जातात हे तिने कधी पाहिलं नाही. न्हाणीच्या भिंतीवर पावसाळ्यात रानवेल माजे, साध्या निळ्या फुलांची. विदर्भात बांधाबांधावर काळादाण्याची तशीच वेल असते, काष्ठौषधीच्या दुकानात तिचंच बी जुलाबासाठी मिळतं. तिला वाटलं, तीच ही.

ते गेले तेव्हा कुंड्यांत रोपं नुकतीच वर आली होती. माणसं येऊन गेली, घर रिकामं झालं, आणि तिने ठरवलं की यांची झाडं आपण यांच्यासारखीच सांभाळायची. तिने खिडकीतून पाहिलं होतं तसंच केलं. वाकडी ठेवली, साधी उपटली आणि कचऱ्यात टाकली. पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या स्मरणाच्या विधीला, पाहुणे येणार म्हणून न्हाणीची भिंतही साफ करून चुना दिला. त्या श्रावण-भाद्रपदात फुलं अशी आली की आधी कधी आली नव्हती. वस्तीतले लोक पाहायला यायचे, विहारातही फुलं गेली. मग फुलं संपली, वेली वाळल्या आणि एकाही वेलीवर बोंड धरलं नाही. त्या फुलांमध्ये बी धरायला काही नसतंच, सगळं रूपातच खर्च झालेलं असतं. बी धरतात ती साधी भावंडं, आणि त्यांच्यातल्या काहींच्या पोटात ते वाकडं रूप दडलेलं असतं. भंतेजींनी हे मनोहररावांना हातवारे करून सांगितलं होतं, दोघं त्यावर हसले होते, आणि ही तेव्हा आत चहा करत होती.

"मले जे दिसत होतं तेच मी केलं वं," सुमनताई म्हणाली. "काय उपटून राहिले ते पाहिलं, उपटलेलं कुठं लावून राहिले ते पाहिलंच नाई. त्याईनं इतकी वर्सं सांभाळलं अन् मी एका पावसाळ्यात संपवलं."

  मी नुसती तिच्या शेजारी त्या लख्ख जमिनीवर बसले.

बी त्याच दिवशी पेरलं. त्याचीही एक रीत आहे. बियांचं कवच टणक, म्हणून प्रत्येक बी विटेवर एका बाजूने घासायचं, आतलं पांढरं जरासं दिसलं की थांबायचं, मग भिजवायचं. एवढं तिला ठाऊक होतं, कारण विटा तीच आणून द्यायची. घासता घासता मी विचारलं की वाकडं रोप सुरुवातीला दिसतं तरी कसं. तिने हाताची बोटं आत घेतली आणि सैलशी मूठ माझ्यापुढे धरली. पहिली दोन पानंच अशी येतात म्हणाली, गोळा झालेली, उलगडायला नको म्हणणारी.

माझ्या हातातलं बी विटेवर तसंच राहिलं. आमचा भाग संकेश्वरी मिरचीचा. मिरचीवर बोकड्या रोग पडला की पानं अशीच मुठीसारखी वळतात, आणि ते रोप दिसताक्षणी उपटून लांब नेऊन पुरायचं, नाहीतर सगळा वाफा जातो. हे आम्हाला कुणी शिकवत नाही, हाताला येतंच. आमच्या कुंपणाशी दर वर्षी अशी रोपं उगवत. माझ्या नजरेला पडली तर मी उपटे, भावाच्या पडली तर तो. पहिल्या वर्षी बरीच होती, मग कमी होत गेली. रोग हटला म्हणून आम्हाला बरंच वाटलं होतं.

मी तिला सांगितलं. मला वाटलं, आता ही उठून आत जाईल. तिने वीट पुसून बाजूला ठेवली.

"मी भिवापूरची हाय, लीला," ती म्हणाली. "आमच्या इकडे बी मिरचीच. चुरडा दिसला का आमी बी उपटतोच. यायनं मले हात लावू देला नाई म्हणून, नाईतर तुझ्यासारखंच झालं असतं." मग तिने मला विचारायचं तेच विचारलं. यंदा तशी रोपं उगवली होती का? मला सांगता येईना. यंदा तण काढायची भांगलण भावाने केली होती, आणि तो उपटलेल्या रोपांची आठवण ठेवणाऱ्यांतला नाही.

धरमपेठ

दुसऱ्या दिवशी आम्ही धरमपेठेत दाणी सरांकडे गेलो. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. गेल्या वर्षी फुलं पाहायला तेही आले होते आणि बी का धरलं नाही हे सुमनताईला त्यांनीच समजावलं होतं. बंगल्यापुढे गुलाबांची रांग, प्रत्येक गुलाबाला नावाची पाटी. आमच्याकडे माणसांच्या दारालाही इतक्या नीट पाट्या नसतात.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. साधी दिसणारी सगळी रोपं सारखी नसतात, त्यांनी सांगितलं. काही नुसतीच साधी असतात, काही ते रूप पोटात बाळगतात, आणि वरून पाहून त्यांतला फरक ब्रह्मदेवालाही कळणार नाही. वाकडं रोप निघालं तरच त्याची आई तसली होती हे समजतं. मनोहरराव त्यावरून निवड करत असणार. तुमच्या कुंपणाशी निवड कुणी केली नाही, तेव्हा बाळगणारी झाडं दर वर्षी कमी होत गेली असतील. आता एखादं उरलं असेल, किंवा नसेल. दिवस लहान व्हायला लागले आहेत हे एक बरं, या दिवसांत ही वेल वीतभर असतानाच फुलते आणि थंडी सरायच्या आत बी देते.

मी जरा तावातावानेच विचारलं की म्हणजे आम्ही आशा धरायची का नाही. सरांना माझ्या आवाजाचा राग आला नाही.

"पेरलंय तर पाणी घालत राहा," ते म्हणाले. "आशेचं मी काही सांगू शकत नाही."

 परतताना घराजवळ आल्यावर सुमनताई म्हणाली की सर खोटं बोलत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे नेलं तुला.

महाल

त्यानंतर खारीने घात केला. सकाळी उठून पाहतो तर शेवटची कुंडी उकरलेली, माती चहूकडे, आणि खार कठड्यावर बसून आमच्याकडे पाहत होती. किती बिया गेल्या कळायला मार्ग नव्हता. सुमनताईने मातीत बोट घालून काही बिया चाचपल्या, माती परत लोटली आणि आम्ही कुंड्यांवर झाकायला टोपल्या आणण्यासाठी महालात गेलो.

महाल म्हणजे जुनं नागपूर. गल्ल्या अशा की समोरून रिक्षा आली तर एकाने दुकानाच्या पायरीवर चढावं. बुरडांच्या दुकानी बांबूच्या टोपल्या घेतल्या. कशासाठी हव्यात ते बुरडिणीने विचारलं तेव्हा सुमनताईने झाडांसाठी म्हणून सांगितलं. बुरडीण म्हणाली, मग विरळ विणीच्या घ्या, रोपांना उजेड लागतो, आणि आतून त्या काढून दिल्या. शेजारच्या दुकानात मी भिवापुरी मिरचीचा रंग पाहिला आणि तोंडभरून आमच्या संकेश्वरीची बढाई मारली. सुमनताईने ऐकून घेतलं आणि त्या रात्री पाटोडीचा रस्सा केला. बेसनाच्या वड्या आणि वर तर्रीचा लाल थर. मी कोल्हापूरकडची, तांबड्या रश्श्यावर वाढलेली, पहिल्या घासालाच डोळ्यांतून पाणी काढलं. सुमनताई कित्येक दिवसांनी हसली. मग हसता हसता तिने समोरच्या पाटाकडे पाहिलं, जिथे मनोहरराव बसत असणार, आणि रस्सा वाढायला उठली.

पुन्हा मागची भिंत

रोपं यायला लागली. जपानी येलीची पहिली पानं आपट्याच्या पानासारखी दुभागलेली असतात. एकेक टोपली उचलली की खाली तीच सरळ, स्वच्छ, हिरवी जोडपानं. माझ्या कुंपणाशी मी इतकी वर्षं जी पाहून खूश व्हायची तीच. एक कुंडी झाली, दुसरी झाली. सुमनताई प्रत्येक टोपली उचलायची, पाहायची आणि परत ठेवायची.  मग झाडू घेऊन आधीच स्वच्छ असलेलं अंगण झाडायची. मला तिची भीती वाटू लागली होती. माणूस गेल्यावर रडलेली ही बाई आता रडत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं.

माझ्या परतीची वेळ जवळ आली. खारीने उकरलेल्या कुंडीकडे आम्ही कुणी फारसं पाहतच नव्हतो. त्या सकाळी मी आत वेणी घालत होते, तेवढ्यात बाहेरून झाडूचा आवाज थांबला. गेले तर सुमनताई त्या कुंडीपुढे गुडघ्यांवर बसलेली. टोपली बाजूला होती. चार-पाच सरळ रोपांच्या मधे, मातीच्या कडेला, एक उशिरा आलेलं रोप होतं. बीचं काळं कवच अजून टोपीसारखं डोक्यावर, आणि त्याखालची पानं गोळा झालेली. सैलशी मूठ. माझा उजवा हात सवयीने पुढे झाला होता, तो मी मागे घेतला.

"आलं वं," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडली. मीही रडले. दोन म्हाताऱ्या मास्तरणी एका कुंडीभोवती रडत आहेत हे पाहून शेजारची बाई भिंतीवरून डोकावली आणि काहून रडता म्हणून विचारू लागली. सुमनताईने तिला रोप दाखवलं. त्या बाईला त्यात काही दिसलं नाही, आणि तिचं चुकलं असंही नाही.

मला वाटलं, आता ती त्या वाकड्या रोपाला चांगल्या कुंडीत लावेल, त्याच्याभोवती काड्या रोवेल. तिने तसं केलं नाही. त्याला होतं तिथेच राहू दिलं. मग आतून खुरपं आणलं आणि न्हाणीच्या भिंतीशी ती लख्ख झाडलेली जमीन खणायला घेतली. मी चुन्याचे पापुद्रे वेचले. त्या कुंडीतली आणि बाकीच्या सगळ्या कुंड्यांतली साधी रोपं तिने एकेक करून मातीच्या गोळ्यासकट काढली आणि भिंतीच्या कडेने लावली. मी विचारलं की यांतलं कोणतं ते रूप बाळगणारं असेल, त्या कुंडीतली रोपं निदान वेगळी लावू या. त्याच कुंडीतलं असलं पाहिजे असं काही नाही म्हणाली, बी तर डबीत सगळं एकत्रच होतं.

"कोणाच्या पोटात हाय ते मले ठाऊक नाई, तुलेबी नाई. म्हणून एकबी उपटाचं नाई." तिने तांब्याने पाणी घातलं, अगदी कडेच्या मरतुकड्या रोपालासुद्धा. सगळ्यांना पाणी घालून झाल्यावर ती पुढे आली आणि मग त्या वाकड्याला दिलं. ते फुलेल तेव्हा सुंदर फुलेल आणि मागे काही न ठेवता जाईल हे तिला माहीत होतं. त्याच्याकडे पाहताना तिचा चेहरा निवला होता.

निघताना मी म्हटलं, एक साधं रोप मला दे, घरी नेते. तिने मान हलवली. चिवडा, मिरची, संत्री, काय पाहिजे ते ने म्हणाली, रोप नाही. कुणी दिलं असतं? मी संत्रीही घेतली नाहीत. स्टेशनावर तिने माझी रिकामी डबी परत दिली, आणि माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

घरी पोहोचले तर दिवाळी उरकून भाऊ परसू साफ करायला निघाला होता. खांद्यावर कुदळ, हातात विळा. प्रवासाच्या लुगड्यानिशी मी कुंपणापुढे जाऊन उभी राहिले आणि त्याला सांगितलं की इथलं काही काढायचं नाही, वाकडं उगवलं तरी नाही आणि सरळ उगवलं तरी नाही. तो म्हणाला, मग सगळं रान होईल. मी म्हटलं, होऊ दे.